व्हायोलिन मधेच का बदलतात?

प्रश्न: आमच्याकडे वसईला ऑक्टोबरात रोज संध्याकाळी घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते. परवा यूट्यूबवर बीबर ह्या सतराव्या शतकातल्या संगीतकाराचे रोझरी सोनाटा (रोझरीच्या रहस्यांवरच्या व्हायोलिनच्या रचना) लावले तर वाजवणाऱ्या बाई दर थोड्या वेळाने व्हायोलिन ठेवून दुसरं घेतायत. हे कशासाठी? आणि रोझरीत मनन करायची रहस्यं, म्हणजे येशू-मरीयेच्या जीवनातले प्रसंग, वीस, मग सोनाटा पंधराच कसे?

उत्तर: दुसरं आधी उरकतो. प्रकाशाची पाच रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मधे घातली. बीबर साल्झबर्गला होता १६७० च्या दशकात, तेव्हा आनंदाची, दुःखाची, गौरवाची मिळून पंधराच.

आता व्हायोलिनचं. नेहमीचं ट्युनिंग खालच्या तारेपासून जी-डी-ए-ई, पण ते फक्त पहिल्या सोनाटाला आणि शेवटच्या पासाकालियाला (पंधरा सोनाटांनंतरची सोळावी रचना) आहे, मधल्या चौदा सोनाटांना प्रत्येकी वेगळं ट्युनिंग, ह्याला स्कॉर्डातुरा म्हणतात. आतड्याच्या तारा अशा सारख्या ताणल्या-सोडल्या की सुरात राहत नाहीत, म्हणून लोक तीन-चार व्हायोलिनं आधीच लावून आणतात.

हा नुसता चमत्कार दाखवायला नाहीये हं. तार जास्त ताणली की आवाज आवळलेला येतो, सैल केली की दबका, आणि बीबर हेच वापरतो. सहावा ऐका, गेथसेमनी बागेतली येशूची प्रार्थना, खालच्या दोन तारा चढवल्यात आणि वरच्या दोन उतरवल्यात, त्यामुळे व्हायोलिन मोकळं वाजतच नाही, घुसमटल्यासारखं वाटतं, आणि ते तसंच वाटायला पाहिजे. अकरावा पुनरुत्थानाचा. ह्यात मधल्या दोन तारा घोडीच्या मागे आणि वर खुंट्यांपाशी एकमेकींवरून नेतात, म्हणजे वाद्यावर चक्क क्रूस दिसतो! काहींना हे जरा जास्तच वाटतं, पण त्या तारा जी-जी-डी-डी लागतात आणि त्यावर ईस्टरचं जुनं गीत एकाच वेळी दोन सप्तकांत वाजतं तेव्हा माझी तरी काही तक्रार राहत नाही.

हस्तलिखित म्युनिकच्या सरकारी लायब्ररीत आहे, पहिलं पान गायब, छापलं गेलं थेट १९०५ ला. प्रत्येक सोनाटाच्या आधी त्या रहस्याचं छोटं चित्र आहे, पासाकालियाच्या आधी मुलाचा हात धरलेला राखणदार देवदूत. तिथे बाकीची साथ संपते, एकटं व्हायोलिन, आणि खाली उतरणारे चारच सूर शेवटपर्यंत फिरत राहतात. मला विचाराल तर अख्ख्या संचात हेच सगळ्यात भारी.

सगळे एका बैठकीत ऐकू नका, दोन तासांच्या आसपास जातात आणि कान थकतो. १, ६, ११, १६ ने सुरुवात करा. आणि घरच्या व्हायोलिनवर करून बघायची खाज असेल तर अकराव्याच्या वाटेला जाऊ नका, दुसरा घ्या, मरीयेची एलिझाबेथशी भेट. त्यात फक्त खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवायच्या, हळूहळू चढवा नाहीतर तुटतील, झालं ए-ई-ए-ई, म्हणजे कर्नाटकी व्हायोलिनवाले लावतात तसंच सा-प-सा-प.