लाल आकड्यांचं घड्याळ: सेल बदलायच्या आधी बटण बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा डोळ्यांसमोर आला. तुम्ही धुळ्याला रात्रपाळीच्या नर्स, हाताला १८० रुपयांचं, बटण दाबलं की लाल आकडे पेटणारं एलईडीचं घड्याळ, दहा दिवसांत तीन सेल खल्लास, मध्येच वेळ आपोआप बदलते आणि दुकानदार म्हणतो, "सेल डुप्लिकेट आहे, भारीतला टाका." घड्याळाची अगदी माझीच गोष्ट. म्हणून जरा लांब लिहितो.

आधीच सांगतो, मी घड्याळजी नाही. चोपडा तालुक्यात केळी करतो. आयटीआयला वायरमन केलं होतं म्हणून मीटर वापरता येतो, एवढंच. तुमचं घड्याळ मी उघडून बघितलेलं नाही, दोष वेगळाही निघू शकतो. पण चौथा सेल आणायच्या आधी बटण तपासा. मी हे सगळ्यात शेवटी केलं आणि तिथेच फसलो.

मी ते घड्याळ घेतलं रात्रीच्या लाईटसाठी. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो जळालेला, त्यामुळे रात्रीच्या आठवड्यात विहिरीजवळ खाट टाकून झोपायचं आणि लाईट आली की उठून पेटीचं बटण दाबायचं. अंधारात लाल आकडे छान दिसतात, म्हणून हौसेनं घेतलं. पहिला सेल पाच दिवस चालला, दुसरा तीन.

मग मी जिल्ह्याच्या गावी एका दुरुस्ती केंद्रात गेलो. नाव लिहीत नाही, लिहूनही उपयोग नाही. एसटीनं जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. पहिल्या खेपेला "बिल कुठंय?" दुसऱ्या खेपेला बिल नेलं तर "जेवणाची सुट्टी, तीननंतर या." तीननंतर माणसानं झाकण उघडलं, नवा सेल टाकला, ६० रुपये घेतले आणि म्हणाला, "एलईडीचं असंच असतं." तिसऱ्या खेपेला त्यानं मीटर लावला, सेल तीन व्होल्ट दाखवत होता, म्हणून निकाल दिला: "सेल चांगला, घड्याळ चांगलं, तुमची वापरायची पद्धत चुकते." कोणती पद्धत चुकते, ते विचारलं तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तीन खेपांत एकदाही त्या माणसानं घड्याळ माझ्या हातात बांधून बघितलं नाही, की बटणाला बोट लावलं नाही. मला अजून त्याचा राग येतो. त्याला माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं होतं, माझा एक दिवस तरी वाचला असता.

नुकसान झालं ते मे महिन्यात. पारा ४४ च्या वर, कांदेबागेची केळी निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या, तोंडावर. लाईट दीडला येणार होती. मला जाग आली, बटण दाबलं, १२:४० दिसलं. अजून पाऊण तास आहे म्हणून परत पडलो. नंतर वडील आले आणि म्हणाले, "लाईट उनी (आली) का रे भो?" त्यांच्या मोबाईलात साडेचार वाजले होते. माझा मोबाईल घरी चार्जिंगला. तीन तास वाया गेले, ठिबकच्या तिसऱ्या व्हॉल्व्हला त्या रात्री पाणीच पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पट्ट्यातली पानं मान टाकून उभी होती. ते बघून जे वाटलं ते लिहिता येत नाही.

घड्याळ बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं. ते बंद पडलं नव्हतं, नव्यानं बारापासून सुरू झालं होतं. आकडे पेटले की सेलवर एकदम ओढ येते, दमलेल्या सेलचा दाब खाली बसतो, आतली चिप विझून पुन्हा सुरू होते आणि १२:०० पासून मोजायला लागते. तुमची "वेळ आपोआप बदलते" ही तक्रार बहुतेक हीच आहे. तीन व्होल्ट दाखवणारा मीटर इथे फसवतो, कारण मोकळा सेल थकलेला असला तरी आकडा बरा दाखवतो. मोजायचंच तर आकडे पेटलेले असताना मोजायचं.

पण नवा सेल तीन दिवसांत दमतो कसा? ते वडिलांना दिसलं. चार-पाच दिवसांनी रात्री मी हात डोक्याखाली घेऊन झोपलो होतो, वर गमछा. ते म्हणाले, "तुना हातमा लाल काय दिसी राह्यनं रे?" गमछ्यातून उजेड बाहेर येत होता. मनगट मागं दुमडलं की हाताची पाठ बटणावर टेकायची आणि आकडे रात्रभर जळत राहायचे. शिवाय बटणाच्या कडेला केळीचा चीक जाऊन काळा राळेसारखा थर झाला होता, त्यामुळे एकदा दाबलेलं बटण पुरतं वर येतच नव्हतं. नखानं खरवडलं तर मोहरीएवढी गोळी निघाली. एवढ्याशा गोळीपायी सात सेल गेले.

हिशेब करून बघा. माझ्या घड्याळात आकडे पेटल्यावर मीटरमध्ये १५ मिलीअँपियर आले. त्यातल्या नाण्यासारख्या सीआर २०३२ सेलची कुवत साधारण २२० मिलीअँपियर-तास. म्हणजे बटण दाबलेलंच राहिलं तर कागदावर सुद्धा पंधरा तास पुरत नाही, आणि हा चपटा सेल इतक्या ओढीसाठी बनवलेलाच नाही, म्हणून प्रत्यक्षात आणखी आधी बसतो. तेच दिवसातून तीस वेळा तीन-तीन सेकंद बघितलं तर अर्धा मिलीअँपियर-तासही लागत नाही, सेल महिनोन्‌महिने जायला हवा. बटण दाबल्यावरच वेळ दिसणं ही स्वस्तातली खोट नाही. १९७२ साली अमेरिकेत पल्सर नावाचं पहिलं एलईडी मनगटी घड्याळ २,१०० डॉलरला विकलं गेलं, त्यालाही वेळ बघायला बटणच दाबावं लागायचं. कारण हेच, एलईडी सेल खातो.

तर आज रात्री एवढं करा. खोलीत पूर्ण अंधार करा, घड्याळ बांधा, मूठ वळा, मनगट मागं दुमडा, ड्युटीवर घालता तो पूर्ण बाहीचा कोट आणि हातमोजे चढवा. मध्ये कधीही लाल चमकलं तर चोर सापडला. पट्टा एक भोक सैल करा, नाहीतर घड्याळ उजव्या हाताला बांधा. डाव्या हातावर बटण पंजाच्या बाजूला येतं, उजव्यावर कोपराच्या बाजूला जातं, मग दुमडलेला हात त्याला लागत नाही. मी तेव्हापासून उजव्यालाच बांधतो. बटणाची फट कोरड्या टूथब्रशनं साफ करा. रॉकेल, पेट्रोल काही लावू नका, रबर फुगतं. अंधारात काहीच चमकलं नाही तर घड्याळ आठ दिवस न बांधता टेबलावर ठेवा. तरीही सेल गेला तर मग आतला दोष, तेव्हा मी म्हणेन की दुरुस्तीच्या नादाला लागू नका.

सेल पॅकबंद घ्या. डब्यात सुट्टे टाकलेले सेल एकमेकांना लागून आधीच उतरलेले असू शकतात. २०३२ च्या जागी पातळ २०१६ सेल टाकून खाली चांदीचा कागद दुमडून घालतात, ते करू नका, त्याची कुवत निम्म्याहून कमी. आणि जुने सेल घरात इकडेतिकडे ठेवू नका. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला मी काय सांगणार, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो: लहान मुलानं असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. थांबून बघू नये, तडक दवाखाना गाठावा.

मोबाईलच्या फोटोत अर्धेच आकडे येतात असं तुम्ही लिहिलंय, तो दोष नाही. आकडे एकापाठोपाठ एक इतक्या वेगानं पेटतात की डोळ्याला सगळे एकदम दिसतात, कॅमेरा मधलाच क्षण पकडतो.

वेळ मागं पडते का हेही विचारलंय. मोबाईलशी जुळवून आठवड्यानं तपासा. आतला क्वार्ट्झ, म्हणजे वेळ मोजणारा स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि २५ अंशांच्या आसपास सगळ्यात बरोबर चालतो. आपल्याकडच्या ४५ अंशांत दिवसाला सेकंदभर मागं पडणं साहजिक आहे. गाडीच्या डिकीत ठेवलं तर आणखी. हातात असेल तर कातडीच त्याला बरं तापमान देते. मिनिटांचा फरक पडत असेल तर क्वार्ट्झकडे बघू नका, पुन्हा सेलकडे आणि बटणाकडेच या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. नाडी मोजायला हे घड्याळ वापरू नका. सेकंद बघायला अर्धा मिनिट बटण धरून ठेवावं लागतं, एक हात अडकतो आणि सेल जळतो. दिवसा उन्हात तर तळहाताची सावली केल्याशिवाय आकडे दिसतच नाहीत. ड्युटीला सेकंद काट्याचं साधं घड्याळ घ्या, नाहीतर काळ्या आकड्यांचं एलसीडीचं. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून मिळतंय, त्याला तोच २०१६ सेल असतो आणि कंपनीच्या सांगण्यानुसार सात वर्षं पुरतो, कारण एलसीडी जवळजवळ काही खातच नाही. लाल घड्याळ घरी उशाशी ठेवा, रात्री वेळ बघायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

अंधाऱ्या खोलीत काय दिसलं ते लिहा. बटण कोणत्या बाजूला आहे आणि दाबल्यावर किती सेकंद उजेड राहतो, तेही सांगा.