रात्र पाहिलीस का?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

शेवटच्या दिवसांतल्या कॅन्सर पेशंटांची सेवा करणाऱ्या त्या संस्थेच्या पाहणीचा तुझा रिपोर्ट पोचला. चार पानं, बारा फोटो आणि शेवटच्या पानाखाली पेन्सिलनं एक ओळ: 'सिस्टर, शंभरपैकी शहाऐंशी गुण येऊन राहिले, पण मन मानत नाही. काय लिहू?' हे पत्र त्या पेन्सिलच्या ओळीला आहे. बाकीची पानं एकदा वाचली, दुसऱ्यांदा उघडावीशी वाटली नाहीत.

रागावू नकोस. तक्ता मन लावून भरलास हे दिसतं. दहा खाटा, दोन खाटांमधलं अंतर, संडासात धरायला दांडी, स्वयंपाकघराला जाळी, संध्याकाळी भजन, भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री. सगळं टिपलंस. पण पहिल्या पानाच्या कोपऱ्यात भेटीची वेळ आहे, सकाळी अकरा ते दुपारी साडेचार. बाई गं, अकरा ते साडेचार सगळ्याच संस्था चांगल्या असतात. चाळीस वर्षांत मला दुपारची वाईट संस्था भेटलेली नाही.

रात्र पाहिलीस का?

आपल्याकडे पेशंट कसा येतो ते तुला सांगायला नको. विशी-पंचविशीपासून खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटा, मग तोंड उघडेनासं होतं, मग तोंडाचा कॅन्सर, मग नागपूर किंवा सेवाग्रामच्या चकरा, वावर गहाण, आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, 'घरी न्या, सेवा करा.' सेवा कशी करायची ते कोणी सांगत नाही. जे सांगतात, करून दाखवतात, त्यांचीच पाहणी करायला तुला पाठवलं होतं. दिवसा त्या माणसाकडे भाचा येतो, कूलरमध्ये पाणी टाकायचं असतं, कापसाचा भाव निघतो. दुखणं मधेमधे विसरतं. रात्री कोणी नसतं. 'रातीले लय वाढते जी' हे मी इतक्या खाटांशी ऐकलं आहे की आता कोणी 'कसं वाटते' म्हटलं की मी 'दिवसा की रातीले' असं विचारते. लोक हसतात.

आता कामाचं. तू लिहिलंस, 'मॉर्फिन उपलब्ध आहे, रजिस्टर अद्ययावत.' त्याला दहापैकी दहा. मी तुला पाच दिले असते आणि वॉर्डातला तक्ता मागवला असता. मॉर्फिन म्हणजे अफूपासूनचं कळ मारणारं औषध, त्याची साधी गोळी चार तास पुरते. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. रात्री दोनला उठवायला नको म्हणून दहाचा डोस दुप्पट देतात. हे एवढं गणित ज्याला माहीत आहे तो तक्त्यात दहाच्या रकान्यात दोन गोळ्या लिहितो. तिथे एकच गोळी असेल तर दोनच्या रकान्यात सही पाहिजे. दोन्ही नसेल तर समज, रात्री दोन ते सकाळी सहा त्या वॉर्डात कोणीतरी दात चावत पडलेलं असतं आणि रजिस्टर अद्ययावत असतं. शिवाय मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस कागदावर लिहिलेला आहे का, आणि तो रात्री कोण देतं, हेही बघ. बाजूलाच जुलाबाची गोळी लिहिलेली असली पाहिजे. मॉर्फिननं पोट बांधतंच बांधतं. जुलाबाशिवाय मॉर्फिन लिहिणाऱ्याला ते लिहिता येत नाही असं मी खुशाल मानते.

जखमेचंही तसंच. 'वॉर्डात दुर्गंधी नाही' असं लिहिलंस. छान. पण कशानं नाही? तोंडाच्या, गालाच्या कुजक्या जखमेवर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून ती भुकटी भुरभुरली की दोन-चार दिवसांत वास बसतो. स्वस्त औषध आहे. अगरबत्ती लावूनही वास बसतो, पाहुणे येईपर्यंत.

दुखायची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे औषध द्यायचं, ही काही आपल्या कुणाची अक्कल नाही. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी ते मरणाऱ्यांच्या एका घरात काम करताना पाहिलं, अभ्यासलं, आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्यांच्या सेवेचं घर, उभं केलं. बाई आधी नर्स होत्या, मग तुझ्यासारख्या समाजसेविका, डॉक्टर शेवटी झाल्या. हा क्रम डॉक्टर मंडळी भाषणात सांगत नाहीत म्हणून मी सांगते. आपल्या देशात मुंबईचं शांती आवेदना सदन १९८६ चं, केरळातल्या कोझिकोडचं हेच काम १९९३ चं. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट किती उशिरा आली ते तू तुझ्याच गावातल्या मरणांवरून मोज.

उशीर का झाला? १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन असं बांधून टाकलं की परवान्यांच्या मागे फिरण्यापेक्षा डॉक्टरांना 'आमच्याकडे नाही' म्हणणं सोपं झालं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, आता संस्थेला एकच मान्यता लागते. कायदा सैल झाला तरी भीती सैल झाली नाही. त्या भीतीची मी स्वतः साक्षीदार आहे, आणि गुन्हेगारही. नोकरीत असताना 'सवय लागेल' म्हणून मीही लोकांना इंजेक्शनसाठी ताटकळत ठेवलं आहे. आठ दिवसांत जाणाऱ्या माणसाला कसली सवय लागणार होती?

आता ऐक, जे मी तुला आजवर सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर मी एका ट्रस्टच्या पाहणी समितीवर होते. एक संस्था पाहायला गेले. नाव सांगत नाही, तूही शोधू नकोस. बाग होती, स्वच्छता होती, कपाटात मॉर्फिन होतं, हिशेब गोळीगणिक. मी तीन पानं लिहिली, तुझ्यासारखीच, आणि वर 'शिफारस' असा शब्द लिहून खाली रेघ मारली. परतीची शेवटची एस.टी. पाच चाळीसला होती. मी पाचला निघाले.

दीड वर्षानं माझ्या दादाचं तोंड कॅन्सरनं गेलं. वहिनीनं विचारलं, कुठे न्यावं? मी त्याच संस्थेचं नाव सांगितलं. अभिमानानं सांगितलं.

दहा रात्री तो तिथे होता. दर दोन दिवसांनी मी दुपारी जायची. चेहरा उतरलेला, पण वहिनी म्हणायची, 'चांगलं आहे जी.' अकराव्या दिवशी एका लग्नाहून येताना आमची जीप त्याच फाट्यावर बंद पडली, म्हणून रात्री साडेबाराला मी त्या दारात उभी राहिले. वॉर्डात एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी, एकटी. दादानं चादरीचं टोक दातांत धरलं होतं. दात तरी किती उरले होते. ती पोरगी त्याच्या पाठीला बाम चोळत होती. बाम! तिच्याकडे तेवढंच होतं. मॉर्फिन सहा पावलांवर, कपाटात. किल्ली डॉक्टरांच्या खिशात, डॉक्टर तालुक्याला घरी, फोन बंद.

मी वहिनीवर ओरडले. इतके दिवस सांगितलं का नाही? ती म्हणाली, 'तुमचाच शब्द होता न बाई. तुमाले वाईट वाटलं असतं.'

तुझ्या रिपोर्टात तिसऱ्या खाटेवरच्या माणसाची सून आहे. प्रत्येक प्रश्नाला 'चांगलं आहे जी' म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, असं तूच लिहिलंस. गुणांच्या तक्त्यात न बसणारं तेवढंच एक वाक्य तुझ्या हातून सुटलं, आणि पेन्सिलची ओळ तिथूनच आली. फाईल हातात घेतलेल्या बाईला ती काय सांगणार? सासऱ्याला उद्या घरी न्या म्हटलं तर न्यायचं कुठे?

ते डॉक्टर वाईट नव्हते. चौकशी लागेल, गोळी कमी भरली तर परवानगी जाईल, या धाकानं किल्ली घरी न्यायचे. मी त्यांना एवढंच विचारलं: घरी जाणाऱ्या पेशंटला तुम्ही हीच गोळी दहा-पंधरा दिवसांची बांधून देता, त्याच्या घरी काय तिजोरी असते? मग रात्रपाळीच्या सिस्टरला आठ गोळ्या मोजून, सही घेऊन का देता येत नाहीत? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. रात्रपाळीला सिस्टरच नव्हती, हे खरं उत्तर. ते मीही पाहणीत विचारलं नव्हतं.

का विचारलं नाही? बाईमाणूस, मुक्कामाची सोय नाही, घरी म्हातारी सासू, शेवटची गाडी. सगळं खरं आहे. समितीतल्या पुरुषांनीही कधी मुक्काम केला नाही, मग दोष माझ्या एकटीचाच कसा? हे मी स्वतःला इतके वेळा सांगितलं की पाठ झालं आहे. तुलाही सांगून पाहिलं. लिहिताना हात अडखळला, तेव्हा राहू दे.

त्यानंतर मी रात्र पाहिल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही. मागे मला 'मुक्कामी बाई' म्हणतात. एका ठिकाणी रात्री लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर ऑफिस, देव्हारा आणि टीव्ही चालू राहिला. वॉर्डातल्या हवेच्या गाद्यांचे पंप बंद, गाद्या चपट्या, आणि पाठीला जखम झालेली माणसं लोखंडी पट्ट्यांवर. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या मात्र सकाळपर्यंतच्या झालेल्या, एकाच पेनानं, एकाच वळणाच्या. मी शेरा लिहिला, देणगी थांबली, वर्षभरात ती जागा बंद पडली. चौदा खाटा होत्या. लोक म्हणाले, सिस्टरबाईंनी गरिबांचा आसरा मोडला. मी म्हणते, मी खोट्या सह्या मोडल्या. तरी त्या चौदा खाटांवरची माणसं नंतर कुठे पडून राहिली असतील, हा विचार येतो. येतो तर येतो. मी पुन्हा तोच शेरा लिहीन.

गाडगेबाबांची दशसूत्री तू फोटोत घेतलीस, त्यात रोग्यांना औषधोपचार आहे. बाबा दिवसा गाव झाडत आणि कीर्तन रात्री करत, एवढं त्या पेंटरला विचारून ये.

आणखी एक. तुझ्या तक्त्यात 'गृहभेटी: समाधानकारक' असं आहे. आपल्याकडे बहुतेक लोक खाटेवर नाही, घरीच जातात, वावरातल्या झोपडीत जातात. तिथे संस्था म्हणजे केस पेपरवर लिहिलेला एक मोबाईल नंबर. तो नंबर रात्री साडेअकराला दुसऱ्याच्या फोनवरून लाव. कोणी उचलला तर विचार की माणसाचा श्वास घरघरतो आहे, काय करू. उचलणाऱ्यानं एका कुशीवर वळवा, सलाईनसाठी पळापळ करू नका, तोंड ओल्या कापसानं पुसा, एवढं सांगितलं आणि 'मी थांबते फोनवर' म्हटलं, तर मी बागेचे सगळे गुण त्या आवाजाला देईन. मग लगेच सांगून टाक की पाहणीसाठी लावला होता, माफी माग. खोटं बोलून ठेवू नकोस.

जी माणसं गेली त्यांच्या घरी जा. आशाताई पत्ता दाखवतील. 'समाधानी आहात का' हा प्रश्न जाळून टाक. शेवटची रात्र कशी गेली, एवढंच विचार आणि चहा गार होईपर्यंत गप्प बस. नंतर संस्थेतून कोणी भेटायला आलं होतं का, हे त्यातच निघतं.

तेव्हा रिपोर्ट पाठवू नकोस. ट्रस्टच्या सचिवांना सांग, सिस्टरबाईंनी अडवला. त्यांना सवय आहे. संस्थेला कळव की तू एक रात्र येणार, कोणती ते कळवू नकोस. चोरून जायचं नाही, पण तयारीही करून घ्यायची नाही. माझी सतरंजी आणि टॉर्च उद्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते, फाट्यावर घे. आठला पोच, जेवून जा, तिथलं अन्न तिथल्यांना राहू दे. फाईल पिशवीतच ठेव. डास फार आहेत, अंगभर कपडे घाल.

पहिली एस.टी. सकाळी सव्वासहाला आहे, थेट माझ्याकडे ये. आंघोळ कर, झोप, मग लिहू.

तुझी,
सिस्टरबाई

ता. क. त्या सुनेला काही विचारू नकोस. रात्री ती कळशी घेऊन पाण्याला उठेल, तेव्हा टॉर्च घेऊन सोबत जा.