आजोबांच्या जुन्या पिस्तुलावर मुकुटाची खूण आहे. ते ब्रिटिश पोलिसांनी निकालात काढलेलं असेल का? कसं ओळखायचं?

मुकुट म्हणजे पोलीस नव्हे. हे आधी डोक्यातून काढा, कारण याच मुकुटापायी आमच्या घरातले दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

ब्रिटनमध्ये विक्रीला जाणाऱ्या हत्याराची नळी प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचं काडतूस उडवून तपासतात. पास झाली की मुकुटाचा ठसा बसतो. 1904 नंतरच्या मालावर मुकुटाखाली बी.व्ही. किंवा बी.पी. असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची, जी.पी. असेल तर लंडनची. बस्स. ते कोणी वापरलं, हे त्यातून कळत नाही.

आमचं पिस्तूल .32 बोअरचं, वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीचं. अमळनेरला कापसाचा व्यापार होता, तेव्हा आजोबांनी परवान्यावर घेतलेलं. वाटणीच्या दिवशी मोठ्या काकांनी ते सतरंजीवर मधोमध ठेवलं. म्हणाले, "यावर राजाना मुकुट शे. लंडनना पोलिसनं पिस्तूल शे हाई." लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी 1911 मध्ये वेब्लीचं .32 पिस्तूल घेतलं होतं, हे खरंच. पण तसलंच पिस्तूल दुकानातून साध्या गिऱ्हाइकालाही मिळायचं. बाबांनी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, फडक्याने पुसून भिंग धरलं. काळ्या पडलेल्या तेलाखाली कलकत्त्याच्या दुकानदाराचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं होतं. लंडनच्या पोलिसांचं हत्यार कलकत्त्याच्या दुकानाचं नाव कशाला मिरवेल? काकांनी भिंगाला डोळासुद्धा लावला नाही. "विलायती पोलीस पिस्तूल" म्हणून भाव फुगवला, ते बाबांच्या वाट्याला घातलं आणि बोरी नदीकाठचा विहिरीच्या जमिनीचा तुकडा स्वतःकडे ठेवला. जुन्या विलायती पिस्तुलाला आपल्याकडे किंमत आहेच, पण ती 1980 च्या दशकात खासगी आयात बंद झाली म्हणून. मुकुटाला कोणी पैसे देत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. मुकुट सोडा, बाण शोधा. तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची, मुख्यतः लष्करी खूण. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर माल सरकारने विकून टाकलेला. पोलिसांच्या हत्यारावर दलाची आद्याक्षरं किंवा शस्त्रागाराचा नंबर सापडू शकतो. कोणी "जर्मन पोलिसांचं" म्हणालं तरी हाच घोळ होतो: 1945 पूर्वीच्या वॉल्थर पीपी या जर्मन पिस्तुलावर गरुडाखाली सी किंवा एफ असेल तर ते पोलिसांनी स्वीकारलेलं, नुसता गरुडाखाली एन असेल तर ती फक्त काडतुसातल्या दारूच्या दाबाची चाचणी. बाण नाही, आद्याक्षरं नाहीत, वर दुकानदाराचं नाव, तर ते दुकानातून घेतलेलं पिस्तूल. घरातला कितीही मोठा माणूस काहीही म्हणो.

आणि वाटणी बाकी असेल तर कागदावर मेक, बोअर, नंबर आणि दिसतील तेवढ्या खुणा लिहून घ्या. "विलायती पोलीस" हे शब्द कोणालाही घालू देऊ नका, मोठा भाऊ असला तरी.

खुणा नीट दिसत नाहीत म्हणून पॉलिश पेपर मारू नका. नंबर किंवा खूण पुसणं हा शस्त्र कायद्याच्या कलम 8 खाली गुन्हा आहे. आजोबा हयात नसतील आणि परवाना अजून तुमच्या नावावर झाला नसेल, तर भिंग नंतर घ्या. आधी पिस्तूल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.