एक्स-रेवरचे डाग आणि खाणीतली बावीस वर्षे

प्रश्न : माझे वडील वणी तालुक्यातल्या भूमिगत कोळसा खाणीत २२ वर्षे ड्रिलवर होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हापशीवरून एक बादली पाणी आणताना ती दोनदा खाली ठेवावी लागते आणि रात्री भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपतात. एक्स-रेत डाग दिसले म्हणून टीबीच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले. थुंकी मात्र तपासली नाही. आराम नाही. बेडका अजूनही काळा पडतो. हा टीबीच आहे का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, थुंकी न तपासता दोनदा टीबीचे औषध दिले गेले, हे वाचून वाईट वाटले. कोळशाची बारीक धूळ फुफ्फुसात साचून होणाऱ्या न्यूमोकोनिओसिसचे डाग एक्स-रेत पुष्कळदा टीबीसारखेच दिसतात, म्हणून रुग्णाने कोणते काम केले हे विचारल्याशिवाय नुसत्या फिल्मवरून निदान करू नये. छताच्या दगडात ड्रिल मारणाऱ्याच्या छातीत कोळशाबरोबर दगडातली सिलिकाही जाते. ती अधिक घातक, आणि तिच्यामुळे टीबीचा धोकाही वाढतो. म्हणजे दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. सरकारी दवाखान्यात थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मोफत होते. ती आधी करून घ्या.

खाण सोडून चार वर्षे झाल्यावरही बेडका काळा पडणे मला अधिक काळजीचे वाटते. धुळीच्या गाठी एकत्र येऊन आतून कुजल्या, तर असे होते. यवतमाळ किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात छातीविकार विभागात दाखवा, सीटी स्कॅन आणि फुंकून करायची श्वासाची तपासणी करून घ्या. साचलेली धूळ काढणारे औषध नाही. तरीही बिडी आणि चुलीचा धूर टाळणे, फ्लू व न्यूमोनियाची लस, श्वासाचे व्यायाम आणि गरजेप्रमाणे ऑक्सिजन यांनी दम बराच सुसह्य होतो.

निदान झाल्यास ते लेखी घ्या. खाणीत काम करणाऱ्याला, किंवा पूर्वी केलेल्यालाही, असा आजार दिसला तर डॉक्टरांनी तो मुख्य खाण निरीक्षकांना कळवावा, असे १९५२ च्या खाण कायद्यानेच सांगितले. भरपाईच्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही हा आजार आहे. नोकरीत असताना ठरावीक वर्षांनी झालेल्या वैद्यकीय तपासण्यांचे एक्स-रे आणि अहवाल व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज करून मागा, अर्जाची पोच घ्या. जुने एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले, की डाग केव्हापासून वाढत गेले हे छातीच्या डॉक्टरांना लगेच कळेल.