ब्लूटूथ ‘पेअर्ड’ आहे, मग जुळत का नाही?

प्रश्न (मालवण): गणपतीत आरत्या लावायला चाकरमान्यांनी आमच्या ब्लूटूथ स्पीकरला आपापले फोन जोडले. ते मुंबईला परत गेले आणि आता माझ्याच फोनला स्पीकर जुळत नाही. यादीत ‘पेअर्ड’ दिसतो, पण दाबलं की नुसता फिरत राहतो. स्पीकर बिघडला का?

उत्तर: बहुधा नाही. पहिल्या जोडणीच्या वेळी फोन आणि स्पीकर एक सामाईक किल्ली आपापल्याकडे जपून ठेवतात. स्पीकरच्या मेमरीत अशा मोजक्याच किल्ल्या मावतात. पाहुण्यांचे फोन वाढत गेले तशी जुनी किल्ली पुसली गेली, आणि जुने तर तुम्हीच! तुमच्या फोनकडची किल्ली मात्र शाबूत आहे, म्हणून तो ‘पेअर्ड’ म्हणत राहतो. नुसता रिस्टार्ट करून हे सुटत नाही.

आधी घरातल्या इतर फोनांचं ब्लूटूथ बंद करा. मग तुमच्या फोनच्या ब्लूटूथ यादीत स्पीकरच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबून ‘फरगेट’ करा (आयफोनवर चाकाऐवजी गोलातलं ‘आय’). आता स्पीकर चालू करून त्याचं ब्लूटूथ बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा; साधारण तीन ते पाच सेकंद. गाडी अडते ती इथेच. नुसता चालू केलेला स्पीकर बहुतेक वेळा ओळखीचे फोन शोधत बसतो, नव्याला दिसतच नाही. दिसला की ‘पेअर’ करा. पिन मागितलाच तर ०००० किंवा १२३४. जुळूनही आवाज फोनमधूनच येत असेल तर त्याच चाकात ‘मीडिया ऑडिओ’ बंद असेल.

स्पीकरला मेमरी कार्डाची खाच असेल तर पुढच्या वर्षी आरत्या कार्डावरच टाका.

प्रश्न (गुहागर): फोन माजघरात, स्पीकर पडवीत. आवाज तुटतो, पावसाळ्यात जास्तच.

उत्तर: खोक्यावरचे १० मीटर मोकळ्या जागेतले, चिऱ्याच्या जाड भिंतीआड ते धरू नका. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी पाणी शोषून घेतं आणि जांभा ओल धरतो. माणसाचं अंगही तेच करतं, म्हणून पुढच्या खिशातल्या फोनचा आवाज स्पीकरकडे पाठ फिरवली की तुटतो. फोन उघड्या दारासमोर किंवा खिडकीत, स्पीकर दिसेल असा ठेवा. वायफायचा राऊटर स्पीकरला चिकटून असेल तर दोन-तीन मीटर दूर सरकवा आणि फोनचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या.