धरण, महामार्ग आणि जंगलातील हिवताप

प्रश्न : गंगापूर धरणामुळे आमच्या नाशिक शहराची तहान भागली. मग अ‍ॅमेझॉनसारख्या उष्णकटिबंधीय जंगलात धरण किंवा महामार्ग झाला की रोगराई वाढते, असे का म्हणतात? दोष जंगलाचा की प्रकल्पाचा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आमच्या मते दोष प्रकल्प राबवण्याच्या पद्धतीचा आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये हिवतापाचा मुख्य वाहक असलेल्या ‘अ‍ॅनोफिलीस डार्लिंगी’ या डासाला जंगलाच्या कडेचे, ऊनसावलीतले स्थिर पाणी मानवते, आणि भरावासाठी माती काढलेले खड्डे व तुंबलेल्या मोऱ्या नेमके तेच त्याला पुरवतात. त्याच सुमारास दूरच्या प्रांतांतून मजूर आणि जमिनीच्या आशेने निघालेली कुटुंबे तेथे पोहोचतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगी हिवतापाची प्रतिकारशक्ती नसते, काहींच्या रक्तात त्याचे जंतू आधीच असतात, आणि अर्धवट भिंतींच्या खोपटांत डासांना अटकाव नसतो. ब्राझीलमध्ये १९७० च्या सुमारास वर्षाला सुमारे ५०,००० हिवतापरुग्ण नोंदले जात. महामार्ग, वसाहती आणि सोन्याच्या खाणींच्या रेट्यात ऐंशीच्या दशकाअखेर हा आकडा पाच लाखांवर गेला.

धरणांचे उपद्रव आणखी वेगळे आहेत. ब्राझीलमधील टोकान्टिन्स नदीवरील तुकुरुई धरणाचा जलाशय १९८४ मध्ये भरू लागल्यावर त्यावर पाणवनस्पती माजल्या. त्यांच्या मुळांना चिकटून वाढणाऱ्या ‘मॅन्सोनिया’ डासांनी काठावरील वस्त्यांना राहणे नकोसे केले. शिवाय बुडालेले जंगल पाण्याखाली प्राणवायूविना कुजताना मातीतील पाऱ्याचे मिथाइल-पाऱ्यात रूपांतर होते. हा विषारी पदार्थ माशांत साठतो, आणि रोज मासे खाणाऱ्या गर्भवतीच्या पोटातील बाळाच्या मेंदूला त्यापासून धोका असतो. तो दिसत नाही, म्हणूनच आम्हाला तो अधिक गंभीर वाटतो.

यातले बरेचसे टाळता येते. पनामा कालव्याच्या फ्रेंच प्रयत्नात, अंदाजे, २२,००० माणसे दगावली, त्यांतील बहुतेक पीतज्वर आणि हिवताप या डासांमुळे पसरणाऱ्या रोगांनी. १९०४ नंतर अमेरिकी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी पाण्याचा निचरा, साचलेल्या पाण्यावर तेलाचा थर आणि खिडक्यांना जाळ्या यांचा आग्रह धरला, आणि १९०६ पर्यंत पीतज्वर तेथून हटला. हिवताप कमी झाला, पण संपला नाही. म्हणून खड्डे बुजवणे, मजुरांची रक्ततपासणी, जाळीदार निवारे आणि काठावरील लोकांच्या माशांची तपासणी यांचा खर्च निविदेतच धरला जावा, आणि मजूर निघून गेल्यानंतरच्या वर्षांसाठीही हा खर्च असावा.