दुबई मॉलमधलं मत्स्यालय बाहेरून फुकट दिसतं म्हणे, मग तिकीट काढावं का? कोल्हापूरहून चार दिवसांसाठी जातोय, बरोबर दोन मुलं आहेत.

काढा. एवढंच लिहून थांबणार होतो, पण प्रश्नातला 'फुकट' वाचला आणि राहवेना.

माझं इथेच कोल्हापुरात, शाहूपुरीत मासे आणि फिश टँकचं छोटं दुकान आहे. रोज कोणीतरी पोराला कडेवर घेऊन येतं, अर्धा तास अरोवाना माशासमोर उभं राहतं आणि खाद्याची एक डबीही न घेता निघून जातं. त्याचं काही वाटत नाही, पोरांनी बघायचं नाही तर कुणी बघायचं. पण "मासं बघायला कशाला पैसं?" हे वाक्य मी आमच्या थोरल्या साडूंच्या तोंडून दुबईत ऐकलंय, आणि ते अजून पचलेलं नाही.

2018 ची गोष्ट. आम्ही दोन घरं मिळून सात माणसं गेलो होतो. टूरवाल्याने अख्ख्या मॉलला मोजून दोन तास दिले. आत शिरून थोडं चाललं की ती टाकी एकदम समोरच येते. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, तिचा दर्शनी भाग मॉलच्या मोकळ्या जागेतूनच दिसतो, तिकीट-बिकीट काही नाही. साधारण 33 मीटर रुंद आणि 8 मीटरांहून जास्त उंच असा एकच पारदर्शक पडदा. साडूंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, एकदा डावीकडून उजवीकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं की बघून. आता आत काय ह्याच्या पोटात शिरायचंय व्हय?" मग मोबाईल काढून सात तिकिटांचे दिरहम रुपयांत करून सगळ्यांना ऐकवले. बायका गप्प. पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

मी माझ्या आणि धाकटीच्या नावाची दोन तिकिटं काढली आणि आत गेलो. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात हा विषय निघतोच. "आमचं पाव्हणं, पैसं देऊन मासं बघत्यात!"

तर आत काय आहे ते सांगतो. 48 मीटरचा बोगदा आहे, टाकीच्या पोटातून जाणारा. साडू चेष्टेत म्हणाले ते अक्षरशः खरं होतं. बाहेरून तुम्ही मासा कडेने बघता, बोगद्यात तो तुमच्या डोक्यावरून जातो. आमच्या वर एक रे मासा येऊन पसरला, चांगला जेवणाच्या टेबलाएवढा. त्याचं पांढरं पोट, त्यात दोन बारीक भोकं आणि खाली वाकडं तोंड. धाकटी म्हणाली, "पप्पा, हा हसतोय." ती भोकं म्हणजे डोळे नव्हेत, नाकपुड्या, डोळे पाठीच्या बाजूला असतात. हे मी तिला तिथे सांगितलं नाही. बाहेरून हा चेहरा दिसायला मासा नेमका काचेला पोट लावून यावा लागतो. आत मान वर केली की झालं.

आणि सँड टायगर शार्क. तोंड सदा उघडं, दात बाहेर, बघूनच पोरं आईच्या मागे लपतात. प्रत्यक्षात प्राणी थंड डोक्याचा. बऱ्याच माशांना तरंगायला पोटात हवेची पिशवी असते तशी ह्याला नसते, म्हणून वर येऊन हवा गिळतो आणि त्या हवेवर पाण्यात तरंगत राहतो. ह्याची पिल्लं आईच्या पोटातच एकमेकांना खातात. आईच्या दोन गर्भाशयांतून शेवटी एकेकच बाहेर येतं. हे मी रात्री हॉटेलवर साडूंना सांगितलं, तर म्हणाले, "मग वाटणीचा दावा तरी पडत न्हाई." माणूस विनोदी आहे, हे मान्य.

माझा धंदाच टाक्यांचा, त्यामुळे मी अर्धा वेळ मासे बघितले आणि अर्धा वेळ भिंत. ती काच नाही, अॅक्रिलिक आहे, पाऊण मीटर जाड. चार फुटी टँकला मी बारा एमएम काच लावतो आणि रात्री झोपताना एकदा विचार येतोच, टिकेल ना? लोकांना वाटतं पाणी जास्त म्हणून भिंत जाड. तसं नाही. दाब पाण्याच्या उंचीवर असतो, लांबी-रुंदीवर नाही. तिथे त्या पडद्याच्या खालच्या कडेला दर चौरस मीटरला आठ टनांच्या वर दाब आहे. शिवाय इतकी जाड साधी काच लावली तर सगळं हिरवट दिसलं असतं. आत एक पाणबुड्या मऊ पॅडने ती भिंत पुसत होता, आमच्याकडे आजी देवाची समई पुसते तशी. खरखरीत काही लागलं की अॅक्रिलिकवर ओरखडा उठतो, म्हणून तो जपून हात फिरवतो. मी तिथे दहा मिनिटं उभा. धाकटी कंटाळली.

टाकीत पाणी 1 कोटी लिटर. आपल्या भाषेत दहा हजार लिटरचे हजार टँकर. 2019 च्या कोल्हापूरच्या पुरात आपल्यातले जे एकेका टँकरमागे घागरी घेऊन पळाले होते, त्यांना हा आकडा लगेच कळेल. त्याच पुरात पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं आणि लाइट गेली. एअर पंप बंद. गोल्डफिश सगळ्यात आधी वर येऊन तोंड वासायला लागतात. फायटर माशाचं लगेच काही बिघडत नाही, तो वरची हवा घेऊ शकतो. मी आणि कामावरचा पोरगा, दोघांनी मगाने पाणी वर उचलून परत टाकीत ओतायचं काम रात्रभर केलं. पहाटे साडू गुडघाभर पाण्यातून जनरेटर घेऊन आले, हातगाडीवर घालून. राजारामपुरीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. पैसे घेतले नाहीत. हे न सांगता नुसती त्यांची चेष्टा लिहिली असती तर बायकोने हे उत्तर काढायला लावलं असतं. पण तिकिटाच्या बाबतीत ते चूकच होते.

आता तुमच्या कामाचं. मत्स्यालयाला स्वतंत्र दोन तास ठेवा, मॉल वेगळा. टूरबरोबर असाल तर "मॉलला किती वेळ" हे इथूनच लिहून घ्या. सकाळी उघडल्या उघडल्या जा, संध्याकाळी बोगद्यात मुंगीला जागा नसते. 2022 पासून तिकडची सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे, तेव्हा कोणी शुक्रवारच्या सुट्टीची जुनी माहिती दिली तर सोडून द्या. मेट्रोने गेलात तर स्टेशनाचं नाव 'बुर्ज खलिफा/दुबई मॉल' आहे म्हणून दारात उतरणार असं समजू नका, गार हवेच्या बंद पुलावरून भरपूर चालावं लागतं. तिकिटात वरच्या मजल्यावरचं झू धरलंय का ते बघून घ्या, तिथे पेंग्विन आहेत आणि मगर आहे. काचेच्या बुडाची बोट वगैरे जास्तीचे प्रकार माझ्या मते नकोत, लहान मुलांना बोगदाच पुरतो. फोटोला फ्लॅश बंद, मोबाईल भिंतीला सरळ टेकवून धरा, तिरका धराल तर सगळं फिस्कटतं. बोगद्याची भिंत गोल असल्याने मासे आहेत त्यापेक्षा लहान दिसतात, सपाट पडद्यातून मोठे आणि जवळ दिसतात. म्हणून बाहेरचंही बघाच, पण आत जाऊन आल्यावर. आत कुठला मासा काय करतो ते कळलेलं असतं, मग बाहेर उभं राहायला मजा येते. पोरांना काचेवर थापा मारू देऊ नका. माझ्या दुकानातही नाही आणि तिथेही नाही.

मी गेलो त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे तिकिटाचे दर आणि वरच्या मजल्यावरचे प्राणी जायच्या आधी एकदा तपासा. आणि बजेट खरंच ताणलेलं असेल, तर एक मोठा माणूस आणि दोन्ही मुलं आत जाऊ देत. दुसऱ्याने बाहेर पडद्यासमोर थांबावं, बोगद्यातली मंडळी तिथून कधीकधी दिसतात. आम्हाला साडू दिसले होते. तळहात कपाळाला लावून, नाक भिंतीला चिकटवून आम्हाला शोधत होते.